रंभा का मरते?

विरार स्टेशनच्या पश्चिमेला शत्रुघ्नचं झेरॉक्सचं दुकान होतं. त्या दिवशी तिथे ऐन गर्दीत वीज गेली आणि वीस मिनिटांनी परत आली, तोवर काउंटरवरचे सगळ्यांचे कागद एकमेकांत मिसळले होते. "घ्या मॅडम, हे तुमचं," म्हणत शत्रुघ्ननं रबरबँड लावलेला एक गठ्ठा माझ्या हातात कोंबला. मला उशीर झाला होता. मी तो तसाच पिशवीत टाकला आणि निघाले.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरमधली. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. नालासोपाऱ्यातल्या एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना मराठी शिकवायचे आणि बाहेरून एम.ए. करत होते. आचोळ्याला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट होता. घरात आई, बाबा आणि मी. परीक्षेत नाटकाच्या पेपरला शोकांतिकेवर प्रश्न यायचाच, म्हणून मी चाळीस पानं टिपणं काढली होती. तीच झेरॉक्स करायला दिली होती.

घरी येऊन गठ्ठा उघडला, तर अक्षर माझं नव्हतं! उभं, घाईचं, कुठे कुठे तपकिरी डाग पडलेलं... एकांकिका होती ती. पहिल्या पानावर नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह. दुसऱ्याचं लिखाण वाचू नये हे मला कळतं, पण पहिल्याच संवादाला मी हसले आणि मग थांबता आलं नाही.

रंभा नावाची एक मुलगी होती त्यात. बागायतीत वाढलेली, फटकळ, कुणापुढे मान न झुकवणारी. गावात आलेल्या एका तरुण मास्तरवर तिचा जीव जडतो. इतकी छान बोलत होती ती की मला वाटलं, हिला ओळखतो आपण. आणि मग शेवटच्या पानावर, अवघ्या दोन ओळींत, तिनं विहिरीत उडी मारली.

मला रागच आला. शेजारी वह्या तपासायचं लाल पेन पडलं होतं. मी समासात लिहिलं – "रंभा का मरते? तिला मरायचं होतं, की लेखकाला नाटक संपवायचं होतं?"

लिहून झालं आणि जीभ चावली. ती झेरॉक्स नव्हती. मूळ प्रत होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले, तर काउंटरला टेकून एक उंच, उन्हानं रापलेला मुलगा उभा. त्याच्या शर्टाच्या बाहीवरही तेच तपकिरी डाग होते. हातात माझी टिपणं.

"तुम्ही विनिता?" त्यानं विचारलं. "पहिल्या पानावर नाव आहे म्हणून..."

"हो. आणि तुमच्या पहिल्या पानावर काहीच नाही."

"मी प्रितेश. आगाशीचा. नाव सुचलं नाही म्हणून राहिलंय." त्यानं हसत हात पुढे केला. मी गठ्ठा दिला. त्यानं नेमकं शेवटचं पान उघडलं. माझे कान गरम झाले.

"हे... लाल...?"

"सवयीनं झालं. मी शिकवते ना. सॉरी, खरंच सॉरी."

तो पानाकडे बघतच राहिला. मला वाटलं, आता हा भांडणार. पण त्यानं मान वर केली आणि विचारलं, "मग का मरते ती?"

"ते तुम्ही सांगायचं. लेखक तुम्ही."

"तुमची टिपणं वाचली मी. तुम्ही लिहिलंय, शोकांतिका म्हणजे वाईट शेवट नव्हे. मला वाटत होतं, शेवटी कुणीतरी मेलं की झाली शोकांतिका."

"मग रोज पेपरात तिसऱ्या पानावर शोकांतिकाच छापून येतात म्हणायचं!" मी म्हटलं. शिकवायचा विषय निघाला की माझं भान सुटतं. "दरड कोसळली, माणूस गेला, तर तो अपघात. आपण हळहळतो आणि पान उलटतो. पण माणूस स्वतःच्या पायांनी चालत जाऊन त्या जागी पोचतो ना... आणि ज्या गुणासाठी तो आपल्याला आवडत असतो, त्याच गुणापायी पोचतो, तेव्हा ती शोकांतिका. तुमची रंभा चालत गेली नाही. तुम्ही तिला मागून ढकललंत."

शत्रुघ्न मशीन थांबवून ऐकत होता. "मॅडम बरोबर बोलतात," तो म्हणाला.

प्रितेश मोठ्यानं हसला. "राहता कुठे तुम्ही?"

"आचोळ्याला."

"म्हणजे टँकरवाले! आमच्या भागातल्या विहिरी उपसून तुमच्या बिल्डिंगींना पाणी जातं, माहीत आहे का? आणि वर आमच्याच नायिकेला नावं ठेवता."

"म्हणजे मी रोज तुमच्या विहिरीचं पाणी पिते?"

"पिताच."

"तरीच," मी म्हटलं, "काल पाणी जरा आगाऊ लागलं."

अशी आमची ओळख झाली.

*

पुढच्याच आठवड्यात मी नंदाखाल गावातल्या एका हॉलमध्ये त्यांच्या तालमीला जाऊन बसले. जानेवारीत वसईला एकांकिका स्पर्धा होती. दिग्दर्शक बेसिल, प्रितेशचा शाळेपासूनचा मित्र. आणि रंभेच्या भूमिकेत बेसिलची धाकटी बहीण क्लेमेंटीन.

"या बाई, या!" बेसिलनं मला बघताच हात जोडले. "तुमच्या त्या एका लाल ओळीनं आमचा लेखक आठ दिवस जेवला नाही."

"जेवलो की," प्रितेश पुटपुटला.

"मला मरायला काही प्रॉब्लेम नाही," क्लेमेंटीन म्हणाली. "पण उडी मारताना चेहरा कसा करू, ते कुणीच सांगत नाही. का मरते तेच ठाऊक नाही, तर चेहरा कुठून येणार?"

मी प्रितेशकडे पाहिलं. त्यानं नजर चुकवली, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

मग मी जातच राहिले. आधी आठवड्यातून एकदा, मग तीनदा. पाठांतराला बसणाऱ्यांना प्रॉम्प्टिंग करणारं कुणी नव्हतं, ते काम माझ्याकडे आलं. प्रितेश बागेतून थेट यायचा. केळीचा चीक कपड्याला लागला की कधीच जात नाही, हे मला त्याच्याकडून कळलं. त्याचे सगळे शर्ट तसेच होते. येताना तो सुक्या पानात गुंडाळलेली सुकेळी आणायचा. राजेळी केळी उन्हात वाळवून करतात ती – बाहेरून काळपट, आत मधासारखी गोड. सगळ्यांना एकेक द्यायचा आणि मला दोन.

"मला दोन का?"

"तुम्ही समीक्षक. लाच आहे ती."

"लाच घेऊनही शेवट वाईटच म्हणेन."

"म्हणा ना," तो म्हणायचा, "तेवढ्यासाठी तरी याल..."

शेवट मात्र काही केल्या जमत नव्हता. त्यानं चार वेगवेगळे शेवट लिहिले. एकात रंभा आजारी पडून गेली, एकात मास्तरची बोट बुडाली. मी प्रत्येकाच्या समासात "अपघात" एवढाच शब्द लिहिला.

डिसेंबरच्या एका रविवारी सकाळी तो मला आपली वाडी दाखवायला घेऊन गेला. दव पडलेलं, केळीच्या पानांवरून पाणी टपटप गळत होतं, आणि मधल्या पायवाटेनं जाताना माझी ओढणी पार भिजली. विहिरीपलीकडच्या ताटव्यात एक बाई कमरेला ओटी बांधून गजऱ्यांसाठी कागड्याच्या पांढऱ्या कळ्या तोडत होत्या. इतक्या झरझर, की बोटं दिसतच नव्हती.

"ही लीलाआत्या," प्रितेश म्हणाला. "फुलांचा सगळा कारभार तिचा."

आत्या घरात वाडवळी बोलायच्या, माझ्याशी मात्र पुस्तकी मराठी बोलायचा प्रयत्न करत होत्या. पाच मिनिटांत त्यांनी माझं नाव, गाव, शिक्षण सगळं काढून घेतलं. "मास्तरीण का!" म्हणाल्या आणि जराशा थांबून हसल्या. "बरं आहे. बस. चहा टाकते."

त्या आत गेल्यावर प्रितेश विहिरीच्या कठड्यावर बसला. "रंभा म्हणजे ही आत्या," तो हळूच म्हणाला.

"पण आत्या तर..."

"हो. तिनं कुठे उडी मारली? ते मी घातलं." तो पाण्याकडे बघत बोलत होता. "बासष्ट-त्रेसष्टची गोष्ट. शाळेत नगरकडचे एक मास्तर आले होते. दोघांचं जमलं. ते घरी मागणी घालायला आले, तेव्हा आजोबांनी त्यांना अपमान करून घालवलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी निरोप धाडला – मी एस.टी.च्या थांब्यावर उभा आहे, तू ये. आत्या म्हणाली, मी चोरासारखी रस्त्यावर का येऊ? हवं तर त्यांनी पुन्हा एकदा दारात यावं, मी घरच्यांसमोरून त्यांच्याबरोबर निघेन. ते आले नाहीत. त्यांनाही मान होताच. तीन गाड्या सोडल्या त्यांनी, चौथीत बसले. झालं. आत्यानं पुढे लग्नच केलं नाही."

मी एकदम उभी राहिले. "प्रितेश, हे लिहा! हेच लिहा!"

"यात काय आहे? यात तर कुणी मरतच नाही."

"म्हणूनच! बघा ना, ती निरोप ऐकते आणि म्हणते, मी का जाऊ? आणि प्रेक्षकांना वाटतं, बरोबर बोलतेय ही, अशीच आहे ही, म्हणून तर आवडते. आणि त्याच वेळी प्रत्येकाला ओरडून सांगावंसं वाटतं – अगं जा ना, जा! लांबून गाडीचा हॉर्न ऐकू येतो... आणि ती दारातून हलत नाही." मी हातांनीच दार आणि थांबा दाखवत होते. "तिला कुणी ढकलत नाही. ती स्वतःच तशी आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. चहा आला, निवला, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"आत्यांना विचारणार ना पण?" मी म्हटलं.

"आत्याला?" तो दचकला. "नाही बाबा. तिच्याशी त्या विषयावर घरात कुणी बोलत नाही."

*

नवा शेवट दोन दिवसांत लिहून झाला. तालमीत क्लेमेंटीननं तो पहिल्यांदा वाचला. मग बेसिलनं नाक शिंकरलं. "सर्दी झालीय," म्हणाला.

त्या संध्याकाळी प्रितेश मला एस.टी.पर्यंत सोडायला आला. नाताळ तोंडावर होता. गावातल्या घराघरांवर चांदणीचे कंदील लागले होते, लाल, पिवळे. एका अंगणात बायका करंज्यांसारख्या नेवऱ्या तळत होत्या. 

"विनिता," तो थांबला. 'तुम्ही' गळून पडलं होतं. "मला फिरवून बोलता येत नाही. लिहिता येतं थोडंफार. मला तू... म्हणजे तू रोज यावंस असं वाटतं. तालीम नसली तरी. कायमचं. तुझं काय?"

 हो म्हणायचं होतं मला. पण त्याच आठवड्यात बाबांनी पुण्याच्या एका स्थळाबद्दल सांगितलं होतं. मुलगा कंपनीत, आमच्याच रत्नागिरीकडचा. बाबा इतके खुशीत होते की मी नाहीही म्हटलं नव्हतं आणि होही नाही.

"मला... थोडा वेळ दे," मी म्हटलं. "घरी एक स्थळ..."

त्याचा चेहरा मिटला. "अच्छा," तो म्हणाला. "ठीक आहे. मी पुन्हा विचारणार नाही. त्रास नको तुम्हाला."

'तुम्हाला'. त्या एका शब्दानं तो कितीतरी लांब गेला. गाडी आली, मी चढले. खिडकीतून पाहिलं, तर तो पाठ फिरवून चालूही लागला होता.

पुढचे तीन आठवडे असेच गेले. तालमीत तो मला 'विनिताताई' म्हणू लागला. ताई! सुकेळी मिळायची, पण एकच. बेसिल एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायचा आणि मान हलवायचा. मला प्रितेशचा राग येत होता आणि स्वतःचा त्याहून जास्त. तो विचारत नव्हता. मग मी का बोलू? रोज घरी जाताना मी स्वतःला हेच सांगायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तालमीला जायचे.

एक गोष्ट मात्र मी केली. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात तालमीच्या आधी वाडीवर गेले आणि लीलाआत्यांना सगळं सांगितलं. नाटक कुणाचं आहे, काय आहे. "तुम्ही नको म्हणालात, तर प्रितेश ते करणार नाही. त्याला विचारायचा धीर नाही, म्हणून मी आलेय."

आत्यांचे हात थांबले. त्यांनी ओटीतल्या कळ्या टोपलीत ओतल्या. मग म्हणाल्या, "किती वाजता आहे?"

*

स्पर्धेच्या दिवशी आमचा नंबर दुपारी होता. मी विंगेत, हातात संहिता घेऊन. प्रितेश माझ्या शेजारी, हाताची घडी घालून. पडदा उघडला आणि तिसऱ्या रांगेत त्याला आत्या दिसली. ठेवणीतली जांभळी साडी, अंबाड्यात गजरा.

"हिला कुणी..." तो पांढराफटक पडला.

"मी," मी म्हटलं.

त्याला काही बोलायला वेळच मिळाला नाही. क्लेमेंटीन त्या दिवशी काय बोलली! रंभा उंबऱ्यावर उभी. निरोप्या सांगतो, मास्तर थांब्यावर उभे आहेत. रंभा पदर सारखा करते. एक पाऊल टाकते... आणि मागे घेते. "त्यांना पाय आहेत की," ती म्हणते. "यावं त्यांनी." हॉर्न वाजतो. एकदा. मग लांबून आणखी एकदा. मागच्या रांगेतून एका बाईचा आवाज आला, "अगं, जा गं बाई!" आणि पडदा पडला.

टाळ्या थांबेनात. पण आम्ही दोघं विंगेत तसेच उभे होतो, कारण आत्या मागच्या दारानं आत येत होत्या. सगळे बाजूला झाले. क्लेमेंटीन तर बेसिलच्या मागे लपली.

आत्यांचे डोळे लाल होते. त्यांनी क्लेमेंटीनला पुढे ओढलं, तिच्या गालावरून हात फिरवला. मग प्रितेशकडे वळल्या.

"छान लिहिलंस. मी रडले."

"आत्या, मी तुला विचारायला हवं होतं..."

"हवं होतंच. या पोरीनं विचारलं." त्यांनी नाक पुसलं. "पण एक सांगते. मी रडले ती रंभेसाठी. माझ्यासाठी नाही. तुमची रंभा तशीच उंबऱ्यावर राहिली. तुम्हाला पडदा पाडता येतो. मला दुसऱ्या दिवशी पहाटे कळ्या तोडायच्या होत्या. एक वर्ष वाईट गेलं माझं, खोटं कशाला बोलू. मग हळूहळू बरं वाटलं. वाडी उभी केली, तुला वाढवलं, दादरच्या बाजारात चार लोक मला नावानं ओळखतात. कोण म्हणतं माझं वाटोळं झालं? मला कुणी बिचारी म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार," प्रितेश पुटपुटला.

"पण मग नाटक खोटं का?" मी न राहवून विचारलं. परीक्षेतला प्रश्न होता तो, आणि नव्हताही.

"खोटं कसं? ती घडी खरीच होती." आत्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. "त्या घडीला आत काय चाललेलं असतं, ते तुम्ही लोकांना दाखवलंत. ती मागची बाई ओरडली ना, तिला आता कळलं. बरं झालं. माझ्या वेळेला असं नाटक कुणी दाखवलं नाही." त्या जायला वळल्या आणि दारात थांबल्या. "तो थांबा आपल्या दारापासून शंभर पावलांवर होता. मी चालले असते, तर माझं काय झिजणार होतं?"

त्या गेल्या. प्रितेश जमिनीकडे बघत होता. मीही. तेवढ्यात पुढच्या नाटकाच्या मंडळींनी सामान आत आणलं आणि आम्हाला बाहेर व्हावं लागलं.

*

त्या संध्याकाळी जेवताना मी बाबांना सांगितलं, "पुण्याच्या लोकांना नकार कळवा. मला नाही करायचं ते लग्न."

बाबांचा घास हातातच राहिला. "कारण?"

"उद्या सांगते. आधी मला दुसऱ्या कुणाला तरी सांगायचंय."

आई माझ्याकडे बघत राहिली. बाबा ताक न घेताच उठले. मला वाईट वाटलं. तरी पहिल्यांदाच हलकंही वाटलं.

सकाळी विरारला उतरून आगाशीची पहिली मिळेल ती एस.टी. धरली. वाडीत शिरले तर प्रितेश पाटाच्या पाण्यात उभा, पोटरीपर्यंत चिखल, हातात कुदळ. मला बघून त्याच्या हातून ती सुटलीच.

"विनिताताई... तुम्ही? आत्ता?"

"ताई म्हणालास तर परत जाईन."

 केळीच्या पानावरून एक थेंब घरंगळला आणि माझ्या खांद्यावर पडला.

"तू पुन्हा विचारणार नव्हतास," मी म्हटलं. "माहीत होतं मला. म्हणून मी वाट बघायचं सोडलं आणि आले. तू विचारलं होतंस, तुझं काय. माझं – हो. त्या दिवशीही होच होतं. मी घाबरले होते."

त्यानं पाटात पडलेली कुदळ उचलून कडेला टेकवली. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"मी आज आचोळ्याला येणार होतो," तो म्हणाला.

"खोटं."

"आत्याला विचार. तिनं पहाटेच शर्ट काढून ठेवलाय. बिनडागाचा. म्हणाली, हे एवढं पाणी लाव आणि निघ."

"म्हणजे मी आले नसते तरी..."

"तरी मी आलो असतो. बहुतेक विरारला चुकामूक झाली असती."

मी हसायला लागले. "नाटक म्हणून अगदीच टाकाऊ आहे हे. दोघंही निघालेले! कुठल्याही स्पर्धेत पहिल्या फेरीत बाद."

"होऊ दे," तो म्हणाला, आणि त्यानं चिखलानं भरलेल्या हातात माझा हात घेतला. थंडगार हात होता तो... सोडवावासा वाटला नाही.

"चल," तो एकदम म्हणाला.

"कुठे?"

"तुझ्या बाबांकडे."

"असा? अरे, शर्ट तरी..."

"शर्ट बदलून येईपर्यंत तू विचार बदललास तर?"

आत्या ओसरीवरून बघत होत्या. त्यांनी बिनडागाचा शर्ट आमच्या दिशेनं फेकला आणि ओरडल्या, "निदान गाडीत तरी घाल रे!"

साडेनऊला बाबांनी दार उघडलं. समोर मी, आणि माझ्या मागे एक उंच मुलगा. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, खाली गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट आणि पायावर वाळलेला चिखल. पानंच्या पानं संवाद लिहिणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून एक अक्षर फुटेना.

"बाबा," मी म्हटलं, "काल तुम्ही कारण विचारलंत ना? हे ते. प्रितेश."

बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पायांशी त्यांची नजर बराच वेळ रेंगाळली. "शेती करता?"

"हो... बागायत. केळी. आत्याची फुलं."

"आणि हिच्याशी ठरवलंत कधी?"

प्रितेशनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"आठ वाजून दहा मिनिटांनी," तो म्हणाला.

बाबा हसू दाबायचा प्रयत्न करत होते. त्यांची मिशी थरथरली. ते दारातून बाजूला झाले, आणि आतून आईनं विचारलं, "अहो, जावईबापू चहात साखर किती घेतात, ते विचारा ना."